माध्यमिक शाळा चांगली आहे की नाही कसं ओळखायचं? मुंबईतल्या पालकांचे नेहमीचे प्रश्न

डिसेंबर लागला की आमच्या बिल्डिंगमध्ये, सकाळच्या सात अठ्ठावीसच्या डब्यात आणि माहेरच्या चाळीत मला सगळे एकच विचारतात, "अगं, पाचवीला कुठे टाकू?", "आठवीनंतर आमच्या शाळेत वर्गच नाहीत, आता काय करू?" माझी दोन मुलं मिळून तीन शाळांमधून दहावी झाली, मधली सहा वर्षं मी पालक-शिक्षक संघात होते, त्यामुळे जे कळलं ते एकदाच नीट लिहून ठेवतेय म्हणजे प्रत्येकाला वेगळं टाइप करायला नको. कुठल्या शाळेत घाला हे मी सांगणार नाही. शाळा बघायची कशी तेवढं सांगते.

शाळेचा दहावीचा रिझल्ट शंभर टक्के आहे. म्हणजे चांगलीच ना?

नाही हो, लगेच नाही. आधी विचारा की शंभर टक्के म्हणजे किती मुलांतले.

आमच्या थोरल्याचं सांगते. उपनगरातली नावाजलेली शाळा, गेटवर दरवर्षी शंभर टक्क्यांचा मोठा बॅनर. नववीच्या पहिल्या सत्रात तो गणितात नापास झाला आणि आम्हाला दोघांना बोलावणं आलं. ह्यांनी हाफ डे टाकला. केबिनमध्ये पंख्याखाली बसवून आम्हाला सांगितलं की ह्याला इथून दहावीला बसवलं तर शाळेच्या रिझल्टला धक्का लागेल, तुम्ही लिव्हिंग घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा, तुमचंही टेन्शन जाईल. बोलणं इतकं गोड होतं की आम्ही मान हलवत होतो, जिना उतरताना मला कळलं की मुलाला काय येत नाही ह्याबद्दल आत एक शब्दही निघाला नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, सतरा नंबर म्हणजे खासगीरीत्या, बाहेरून दहावीला बसायचा फॉर्म. शाळा सुटलेल्यांसाठी, नोकरी करणाऱ्यांसाठी ती चांगली सोय आहे आणि तिच्यामुळे कितीतरी लोक दहावी झालेत. पण बाहेरून बसलेल्या मुलाचा निकाल शाळेच्या नियमित मुलांच्या टक्क्यात धरला जात नाही, त्यामुळे कच्चं मूल नववीतच बाजूला काढलं की बॅनरवरचा आकडा आपोआप वर जातो. सगळ्याच शंभर टक्केवाल्या शाळा असं करतात असं मी अजिबात म्हणत नाही, खरोखर प्रत्येक मुलामागे लागून शंभर टक्के आणणाऱ्या शाळा मुंबईत आहेत. फक्त बाहेरून बघताना दोन्हीकडचा बॅनर सारखाच दिसतो.

म्हणून माझा पहिला प्रश्न नेहमी हाच असतो की गेल्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि ह्या वर्षी दहावीला किती आहेत? समजा नववीत ११२ होती आणि दहावीत ८१ राहिली, तर मधली ३१ कुठे गेली ते विचारा. दोनचार बदली होऊन जातात, गावी जातात, ते ठीक. तीस जात नाहीत.

मग रिझल्ट बघायचाच नाही का?

बघायचा, पण एका वर्षाचा नाही आणि नुसता पास-नापासचा नाही. निदान चार-पाच वर्षांचा मागा.

आणि हे लक्षात ठेवा की रिझल्ट परीक्षेच्या पद्धतीनेसुद्धा वरखाली होतो. आपल्या स्टेट बोर्डाचा २०१८ चा दहावीचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ ला भाषा आणि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० मार्क काढून टाकले आणि निकाल आला ७७.१० टक्के. पुढच्या वर्षी ते मार्क परत आले, २०२० चा निकाल ९५.३० टक्के (त्या वर्षी लॉकडाऊनमुळे भूगोलाचा पेपर झाला नव्हता, तेही आहे). २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही, निकाल ९९.९५. आता सांगा, दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रातली मुलं एकदम ढ झाली आणि एकदम हुशार झाली असं होतं का? त्यामुळे शाळा जेव्हा म्हणते आमचा रिझल्ट अमुक वर्षी अठरा टक्क्यांनी वाढला, तेव्हा ते वर्ष कुठलं ते बघा.

मला विचाराल तर २०१९ चा आकडा सगळ्यात कामाचा. ज्या शाळेचा त्या वर्षीसुद्धा फारसा घसरला नाही तिथल्या मुलांना लिहिता येत होतं. जुना आहे, पण मागून बघा, ज्यांना अभिमान आहे ते लगेच सांगतात.

दुसरं, मधल्या मुलांचे मार्क विचारा. पहिला आलेल्याचे ९७ टक्के सगळेच सांगतात, तो मुलगा कदाचित कुठेही गेला असता तरी ९७ च आणले असते, त्यात शाळेचं किती, क्लासचं किती आणि आईवडिलांचं किती हे कोण वेगळं काढणार. साठ मुलांच्या तुकडीत तिसाव्या नंबरच्या मुलाला किती पडले ते कळलं तर शाळा कळते. आणि सगळे मार्क बेस्ट ऑफ फाइव्हचे असतात, सहा विषयांतला सगळ्यात कमी विषय गळतो, म्हणून गणिताचं वेगळं विचारा. बऱ्याच मुलांचा गळणारा विषय तोच असतो.

हे आकडे शाळा देईल का? विचारायला संकोच वाटतो.

संकोच कशाचा, मूल आपलं आहे. नम्रपणे विचारा. चांगले मुख्याध्यापक उलट खूश होतात की कोणीतरी बॅनरच्या पुढचं विचारतंय.

नाही दिले तर यूडायसवर, म्हणजे शाळांच्या सरकारी नोंदीत, बघा. प्रत्येक शाळेला ११ आकडी यूडायस नंबर असतो, महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो. यूडायस प्लसच्या साइटवर 'नो युवर स्कूल' मध्ये शाळेचं नाव किंवा हा नंबर टाकला की इयत्तेप्रमाणे मुलांची संख्या, शिक्षक किती, वर्गखोल्या किती, टॉयलेट किती असं निघतं. दोन लागोपाठच्या वर्षांचं बघून नववी आणि दहावीची संख्या कागदावर शेजारी शेजारी लिहा. माहिती शाळेनेच भरलेली असते हे ध्यानात ठेवून वाचायचं.

शाळा अनुदानित किंवा महापालिकेची असेल तर माहितीच्या अधिकारातसुद्धा विचारता येतं. बाकी शाळांबद्दलची माहिती शिक्षण निरीक्षकांच्या ऑफिसात असते, मुंबईत त्यांचे दक्षिण, पश्चिम आणि उत्तर असे तीन विभाग आहेत, आपली शाळा कुठल्यात येते ते बघून अर्ज करायचा. शाळासिद्धीचं मूल्यांकन पण असतं, सात क्षेत्रांत शाळा स्वतःला श्रेणी देते, पण स्वतःच स्वतःला दिलेली असल्यामुळे मी त्यावर फार विसंबत नाही.

शाळा बघायला गेल्यावर नक्की काय बघू? सगळीकडे रंगरंगोटी छानच असते.

वह्या बघा. बाकी काही नाही बघितलं तरी चालेल.

हे मला शिकवलं ते आमच्या थोरल्याला ज्यांनी पुढे शाळेत घेतलं त्या मुख्याध्यापिका बाईंनी. छोटी अनुदानित शाळा, स्टेशनपासून सात मिनिटं, भिंतीचा रंग उडालेला. आम्ही घाबरत प्रगतीपुस्तक पुढे केलं, ते त्यांनी तसंच बाजूला ठेवलं आणि म्हणाल्या गणिताची वही आणलीय का? नशिबाने दप्तर बरोबर होतं. उभ्या उभ्या त्यांनी पानं उलटली, पाच मिनिटं काही बोलल्या नाहीत, मग एका समीकरणावर बोट ठेवून त्याला विचारलं, "हे तीन छेद चार इथे आल्यावर तू थांबलास का रे?" तो म्हणाला, मला ते जमत नाही. बाई माझ्याकडे वळल्या, "बीजगणित येतंय ह्याला, चिन्हं बरोबर बदललीत बघा. अपूर्णांक राहिलेत. पाचवी-सहावीतलं आहे, होईल." इतकी वर्षं फी भरून, क्लास लावून हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. जुन्या शाळेतल्या त्याच वहीत प्रत्येक पानाखाली लाल पेनाने एक टिक आणि सही होती, चुकलेल्या गणितांवरसुद्धा.

म्हणून शाळेत गेलात की विनंती करा, नववीच्या एखाद्या वर्गातल्या तीन वह्या दाखवाल का, एक हुशार मुलाची, एक मधल्या, एक कच्च्या. टिक आणि सही सगळीकडे असते. त्यापलीकडे काय लिहिलंय ते बघा. 'ही पायरी परत कर', 'एकक लिहिलं नाहीस', 'उदाहरण कुठे आहे' असं काही आहे का, आणि मुलाने खाली ते परत केलंय का? खासकरून कच्च्या मुलाच्या वहीत आहे का? सगळ्यांच्या वहीत निबंध शब्दन् शब्द सारखा असेल तर तो फळ्यावरून उतरवून घेतलाय. वह्या दाखवायला नाहीच म्हणाले तर शेजारपाजारच्या त्या शाळेतल्या पोरांच्या बघा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

मग टॉयलेट. मधल्या सुट्टीनंतर बघा, सकाळी आठला नको. मुलींच्या टॉयलेटला कडी आहे का, पाणी येतं का, पॅड टाकायला झाकणाचा डबा आहे का. मुली दिवसभर पाणी पीत नाहीत म्हणजे टॉयलेटला जायला नको म्हणून, हे मी माझ्या धाकटीकडून ऐकलंय, बाटली भरलेली परत यायची.

आणि शाळा सुटायच्या वेळेला गेटवर दहा मिनिटं उभं राहा. दोन अधिवेशनांची शाळा असेल तर दुपारी साडेबाराच्या सुमाराला एक सुटते आणि दुसरी भरते, तेव्हा शिपाई, बाई, सर मुलांशी कसं बोलतात ते ऐकायला मिळतं. तेव्हा कोणी पाहुण्यांसाठी तयार होऊन बसलेलं नसतं.

लॅब आहे म्हणतात. त्यात काय बघायचं?

परीक्षानळ्यांवर धूळ आहे का ते. खरंच सांगते. बेसिनला ओल आहे का, बाटल्यांवरची लेबलं हाताने लिहिलेली आणि वापरून पुसट झालेली आहेत का, की सगळं काचेच्या कपाटात कुलूप लावून सजवलंय?

दहावीच्या विज्ञानात दोन पेपर ४०-४० चे आणि २० मार्क प्रॅक्टिकलचे. मुलांना विचारा की ह्या वर्षी स्वतःच्या हाताने किती प्रयोग केलेत. बऱ्याच ठिकाणी सर पुढे टेबलावर करून दाखवतात आणि मुलं जर्नल एकमेकांचं बघून उतरवतात, मार्क मात्र सगळ्यांना वीसपैकी एकोणीस. अकरावी सायन्सला गेल्यावर ब्युरेट हातात धरायची कशी तेही माहीत नसतं मग.

एक सोपी खूण सांगते. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धा माहीत असेल, बृहन्मुंबई विज्ञान अध्यापक मंडळ १९८१ पासून घेतंय, सहावी आणि नववीसाठी. त्यात लेखी झाल्यावर प्रॅक्टिकल असतं, मग प्रकल्प आणि मुलाखत. शाळेतली मुलं प्रॅक्टिकलच्या टप्प्यापर्यंत जात असतील आणि त्यांची तयारी शाळेतल्याच सरांनी करून घेतली असेल (बाहेरच्या क्लासने नाही, हे विचाराच), तर ती लॅब जिवंत आहे.

शिक्षक चांगले आहेत हे बाहेरून कसं कळणार?

पूर्ण नाही कळत. पण दोन गोष्टी कळतात, टिकतात का आणि तास होतात का.

विचारा की आठवीला गणित कोण शिकवत होतं, नववीला कोण, आणि ते अजून आहेत का. दर वर्षी नवीन मॅडम येत असतील तर मुलाचं कुठलं राहिलंय हे कोणालाच माहीत नसतं. स्वयंअर्थसहाय्यित शाळांमध्ये काही ठिकाणी अकरा महिन्यांच्या ऑर्डरवर कमी पगारात घेतात, मग चांगली व्यक्ती मिळेल तिकडे निघून जाते, तिला काय बोलणार. अनुदानित शाळेत पगार सरकारकडून येतो म्हणून शिक्षक टिकतात, पण तिथला त्रास वेगळा, कोणी रिटायर झालं की जागा भरली जायला वर्षं लागतात. एकच सर विज्ञान पण घेतायत, भूगोल पण घेतायत असं असतं. म्हणून विचारायचं की ह्या घडीला किती पदं रिकामी आहेत, आणि त्या विषयाला सध्या कोण उभं राहतं.

दुसरं म्हणजे ऑफ तास. कुठल्याही नववीच्या मुलाला विचारा, आठवड्यात किती तास ऑफ जातात? खरं खरं सांगतो. शिक्षकांना निवडणूक आणि जनगणनेची कामं लावतात, त्याला शाळेचा इलाज नाही, पण ते तास कोण भरून काढतं ह्याचा इलाज शाळेकडे असतो. धाकटीच्या शाळेत मतदारयादीच्या कामाला दोघी बाई गेल्या होत्या तेव्हा मुख्याध्यापकांनी स्वतः इतिहास घेतला, महिनाभर. ते मी विसरणार नाही.

मराठी माध्यम, सेमी की इंग्लिश?

ह्यावर घरोघरी भांडणं होतात म्हणून थोडक्यात. मूल ज्या भाषेत 'का?' विचारू शकतं ती भाषा. नववीतलं मूल वर्गात शंका विचारतच नाही, घरी विचारलं तर मराठीत सांगतं आणि पेपरात इंग्लिशमध्ये पाठ केलेलं लिहितं, असं असेल तर माध्यमाचा विचार आधीच करायला हवा होता.

सेमी म्हणजे गणित-विज्ञान इंग्लिशमधून, बाकी मराठीतून, आणि माझ्या धाकटीला ते उत्तम जमलं. पण सेमीची पाटी लावली तरी ते इंग्लिशमधून शिकवू शकणारे शिक्षक आहेत का ते बघा. नुसतं पुस्तक इंग्लिश आणि शिकवणं सगळं मराठीत, पेपर परत इंग्लिश, ह्यात मुलं मधल्यामधे लटकतात.

मराठी माध्यमाच्या शाळेत अजून एक विचारा, तुकड्या किती आहेत आणि पाच वर्षांपूर्वी किती होत्या. मुलं कमी झाली की संच मान्यतेत (मुलांच्या संख्येवरून सरकार पदं ठरवतं त्यात) शिक्षकांची पदं कमी होतात, मग विषयाला माणूस राहत नाही, मग आणखी मुलं जातात. दादर-गिरगाव-परळकडच्या चांगल्या चांगल्या शाळांना हे भोगावं लागलंय, वाईट वाटतं बघून. पण वीस मुलांची तुकडी असलेली, शिक्षक टिकलेली मराठी शाळा सापडली तर सोडू नका, तिथे तुमच्या मुलाला बाई नावाने ओळखतील.

स्टेट बोर्ड, सीबीएसई की आयसीएसई?

बोर्डापेक्षा त्या बोर्डाची ती शाळा कशी आहे हे महत्त्वाचं. बदलीची नोकरी असेल तर सीबीएसई सोयीचं. स्टेट बोर्डाची बालभारतीची पुस्तकं साइटवर फुकट मिळतात, जाहिरातींनी घाबरून जायच्या आधी दहावीचं विज्ञान डाउनलोड करून बघा, चांगलं आहे. मराठी आता सगळ्याच बोर्डांना सक्तीची आहे, २०२० च्या कायद्याने, तर ती सीबीएसईवाल्या शाळेत खरंच शिकवतात की तास कागदावर आहे हे जरूर विचारा.

महापालिकेच्या शाळेचा विचार करावा का? लोक नाक मुरडतात.

करावा. मुरडणाऱ्यांनी गेल्या दहा वर्षांत आत पाय ठेवलेला नसतो. आठ माध्यमांत शिकवणारी दुसरी कुठली यंत्रणा मुंबईत नाही, वह्या-दप्तर-युनिफॉर्म मिळतो, मुंबई पब्लिक स्कूल म्हणून सीबीएसईसुद्धा सुरू झालंय. शाळाशाळांत फरक खूप आहे, त्यामुळे वह्यांची परीक्षा तिथेही लावा.

एक गोष्ट मात्र ॲडमिशनच्या आधी विचारा, ही शाळा कितवीपर्यंत आहे? पालिकेच्या बऱ्याच शाळा सातवी-आठवीला संपतात आणि मग नववीसाठी धावाधाव होते. ह्या वळणावर मुंबईत पोरं शाळा सोडतात, मुली जास्त, कारण पुढची शाळा लांब असते. सहावीतच बघून ठेवा.

शाळेला मैदानच नाही. चालेल?

मुंबईत मैदानवाली शाळा म्हणजे चैन झालीय, त्यामुळे फक्त ह्यावरून शाळा कापू नका. १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डमध्ये सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीने ६६४ ची भागीदारी केली तेव्हा ते शारदाश्रमचे होते, आणि त्यांचा सराव चालायचा तो सगळ्यांच्या शिवाजी पार्कवर. सचिन आधी वांद्र्याच्या शाळेत होता, आचरेकर सरांच्या सांगण्यावरून शाळा बदलली.

तर विचारायचं हे की मैदान नाही मग मुलांना नेता कुठे, आठवड्यातून किती वेळा, पीटीचे सर आहेत का, आणि नववी-दहावीचा पीटीचा तास गणिताला देऊन टाकता का? शेवटच्याचं उत्तर देताना थोडे चाचरले तर समजून जा. खेळणाऱ्या, ड्रॉइंगच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट देणाऱ्या मुलांना दहावीला वाढीव मार्क मिळतात, ते प्रस्ताव शाळेनेच वेळेवर पाठवायचे असतात. एका मैत्रिणीच्या मुलीचे शाळेच्या विसराळूपणामुळे राहून गेले.

क्लास लावावाच लागेल का?

शाळेतल्या पालकांना विचारा की नववीत किती जणांनी लावलाय. सगळ्यांनीच लावला असेल तर वर्गात काय होतं ह्याचा अंदाज येतो. आणि शाळेतलेच सर संध्याकाळी खासगी शिकवणीला बोलावत असतील तर तिथून लांब राहा, शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २८ ने शिक्षकांना खासगी शिकवणी घ्यायला बंदी आहे. शाळा सुटल्यावर शाळेतच, फुकट, कच्च्या मुलांसाठी अर्धा तास बसवणारे सर वेगळे. आमच्या थोरल्याला सरांनी सहा महिने असं बसवलं, अपूर्णांकापासून. दहावीला गणितात ५८ आले. माझ्यासाठी ते ९८ आहेत.

सुरक्षिततेचं काय विचारायचं?

सगळं विचारायचं, काही वाटून घ्यायचं नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरचं प्रकरण झाल्यावर सरकारने शाळांना सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रार पेटी ह्याबद्दल कडक आदेश काढले. तर विचारा: पडताळणी सगळ्यांची झालीय का, म्हणजे बसवाले, सफाईवाले, कंत्राटी शिपाई धरून? मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती आहे का, त्यात पालक कोण, शेवटची मिटिंग कधी झाली? तक्रार पेटी कोण उघडतं? सीसीटीव्हीचं फुटेज कोण बघतं? नुसते कॅमेरे लटकवून काही होत नाही.

मारणं शिक्षण हक्क कायद्याने बंद आहे, कलम १७. 'आमच्याकडे शिस्त कडक आहे' असं कौतुकाने सांगितलं तर कडक म्हणजे काय ते उलगडून विचारा. फायर सिस्टिमची दर सहा महिन्यांनी, जानेवारी आणि जुलैत, तपासणी करून फॉर्म बी द्यावा लागतो, तो बघायला मागा आणि मागचा जिना उघडा आहे का की जुन्या बाकांनी भरलाय ते स्वतः जाऊन बघा. मुलांना १०९८ हा मदतीचा नंबर (चाइल्डलाइन) पाठ असावा, तो शाळेत भिंतीवर मुलांच्या उंचीला लिहिलेला दिसला तर मला ती शाळा आवडते.

फी जास्त म्हणजे शाळा चांगली का? आणि फीबद्दल काय तपासायचं?

फी जास्त म्हणजे एसी जास्त, एवढं नक्की सांगता येतं. २०११ च्या फी नियमन कायद्याप्रमाणे दर वर्षी शाळा सुरू झाल्यावर तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती व्हायला हवी, समितीतले पालक चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात, आणि ठरलेली फी दोन वर्षं तशीच राहते. आमच्या वेळी एका शाळेत समितीतले पालक कोण हे पालकांनाच माहीत नव्हतं. ॲडमिशनच्या आधी मागच्या वर्षीच्या समितीतल्या एखाद्या पालकाशी बोलायला मागा.

पंचवीस टक्क्यांतून आरटीईने ॲडमिशन झालेल्यांनी हे आवर्जून विचारा की आठवीनंतर काय? कायद्याची मोफतची हमी आठवीपर्यंतच आहे, नववीला एकदम पूर्ण फीचं पत्र हातात येतं आणि आईबाप कोसळतात. काही शाळा सवलत देतात, तर ते सहावी-सातवीतच बोलून, लिहून घ्या.

शाळा बोगस नाही ना, हे कसं कळेल?

पालिका दर वर्षी अनधिकृत शाळांची यादी काढते, ती बघा. शाळेकडे मान्यतेचा नंबर आणि यूडायस मागा. आणि पाटीवर एक बोर्ड आणि मान्यता दुसऱ्याच बोर्डाची असं नाही ना तेही बघा.

लांबची नावाजलेली की जवळची साधी?

जवळची. विरार फास्टमध्ये दप्तर पुढे घेऊन उभी असलेली पोरं बघितलीत ना? दप्तराचं वजन मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांवर नसावं असा २०१५ चा सरकारी आदेश आहे, ते ट्रेनमध्ये कोण मोजणार? जाण्यायेण्यात रोज दोन तास गेले की खेळ जातो, झोप जाते. जवळची अगदीच वाईट असेल तरच लांब.

मुलगा आत्ता नववीत आहे आणि शाळा सतरा नंबर भरायला सांगतेय. काय करू?

असे फोन मला फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात, म्हणून हा शेवटी ठेवलाय.

पहिलं, लगेच लिव्हिंगच्या अर्जावर सही करू नका. शाळेत जे सांगितलं ते लेखी मागा. आम्ही मागितलं तेव्हा आवाज एकदम बदलला होता. लेखी देत नसतील तर तुम्हीच पत्र लिहा, की अमुक तारखेला आम्हाला असं असं सांगण्यात आलं, मुलाला शाळेतूनच दहावीला बसायचंय, आणि आवकचा शिक्का मारून पोच घ्या. उपयोग नाही झाला तर तेच पत्र घेऊन शिक्षण निरीक्षकांकडे जा.

दुसरं, त्याच संध्याकाळी मुलाबरोबर बसून वही उघडा. ओरडायला नाही. कुठल्या पानापासून टिकमार्क आणि खरं उत्तर जुळत नाही ते शोधा, तिथूनच सुरुवात करायचीय.

तिसरं, शाळा बदलायचीच असेल तर आत्ताच, दहावी सुरू व्हायच्या आधी बदला, नंतर फार कटकट होते. जवळपासच्या अनुदानित शाळांमध्ये स्वतः जा, फोनवर नको, वेबसाइटवर नको. सकाळी अकराच्या सुमाराला मुख्याध्यापक बहुतेक जागेवर असतात. मुलाला बरोबर न्या, आणि त्याच्या दप्तरात गणिताची वही ठेवायला विसरू नका.